चार्ज तयार होत नाही, तो फक्त इकडून तिकडे जातो

भाचीची परीक्षा जवळ आलीये म्हणून तिला स्थितिक विद्युतचा धडा घेऊन बसले होते, आणि तिने मध्येच विचारलं, "मावशी, कंगवा घासल्यावर त्यात वीज तयार होते, मग घासायच्या आधी ती कुठे होती?" तिच्या वहीत लिहिलं होतं की घर्षणाने विद्युत निर्माण होते. या 'निर्माण' शब्दानेच सगळा घोळ होतो असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

कंगवा असो, केस असोत, कागद असो, प्रत्येक वस्तू आधीपासूनच चार्जने खचाखच भरलेली असते. अणूच्या मध्यभागी पॉझिटिव्ह प्रोटॉन, बाहेर निगेटिव्ह इलेक्ट्रॉन, आणि दोन्ही अगदी सारख्या संख्येने, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला काहीच जाणवत नाही. न्यूट्रल म्हणजे रिकामं नाही, तर हिशोब बरोबर जुळलेला. प्रोटॉन केंद्रकात घट्ट बसलेले, ते हलत नाहीत, हलतात ते बहुतेक वेळा इलेक्ट्रॉन. म्हणजे 'कंगवा निगेटिव्ह झाला' याचा अर्थ केसांकडचे थोडे इलेक्ट्रॉन कंगव्याकडे आले, आणि तेवढ्याच इलेक्ट्रॉनांची केसांत कमी पडली, म्हणून केस पॉझिटिव्ह झाले. मुलं नेमकं हे अर्धं विसरतात, कंगव्याबद्दल बोलतात आणि केसांना सोडून देतात.

थोडे म्हणजे किती? घासलेल्या कंगव्यावर एक नॅनोकुलोंब (कुलोंब हे चार्ज मोजायचं एकक, नॅनो म्हणजे त्याचा अब्जावा भाग) चार्ज आला असं धरलं तर ते सुमारे ६२४ कोटी जादा इलेक्ट्रॉन होतात. आकडा प्रचंड वाटतो, पण कंगव्यात मुळात एवढे इलेक्ट्रॉन असतात की दर लाख कोटी इलेक्ट्रॉनांमागे एकसुद्धा जादा आलेला नसतो, आणि तेवढ्यावर तो कागदाचे कपटे उचलतो! हा आकडा मला दरवेळी थक्क करतो.

आता कपटे का उचलले जातात, ते तर न्यूट्रल असतात ना? कंगवा जवळ आला की कपट्यातल्या अणूंमधले इलेक्ट्रॉन किंचित पलीकडे ढकलले जातात, कंगव्याकडची बाजू थोडी पॉझिटिव्ह होते, ती जवळ असल्यामुळे ओढ जास्त आणि लांबच्या बाजूचं ढकलणं कमी, म्हणून एकूण ओढच जिंकते. आणि नीट बघितलंत तर काही कपटे कंगव्याला चिकटून थोड्या वेळाने टुणकन उडतात, कारण स्पर्शाने त्यांनाही कंगव्याचाच चार्ज मिळालेला असतो.

घासणंसुद्धा खरं तर अत्यावश्यक नाही. दोन वेगळे पदार्थ एकमेकांना टेकले आणि वेगळे झाले की पुरे, घासल्याने फक्त जास्त ठिकाणी नीट संपर्क होतो. चिकटपट्टीचे दोन तुकडे टेबलावर शेजारी शेजारी चिकटवा आणि झटकन उपटा, ते एकमेकांपासून लांब पळतील, दोघांवर सारखा चार्ज. मग नवे दोन तुकडे एकावर एक चिकटवा, त्यांच्यावरून बोट फिरवा आणि ओढून वेगळे करा, आता ते एकमेकांकडे झेपावतील. चार्ज दोन प्रकारचा असतो हे द्यु फे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७३३ च्या सुमारास अशाच ओढण्या-ढकलण्यावरून ओळखलं, प्लस-मायनस ही नावं पुढे फ्रँकलिनने दिली, इलेक्ट्रॉन सापडायला १८९७ उजाडलं. तोवर रेशमाने घासलेल्या काचेला प्लस म्हणून झालं होतं, त्यामुळे बिचाऱ्या इलेक्ट्रॉनच्या वाट्याला मायनस आला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायलाच हवी. प्लास्टिक, काच, लोकर असल्या दुर्वाहकांमध्ये नेमकं काय सरकतं यावर आजही संशोधन चालू आहे, काही ठिकाणी इलेक्ट्रॉन, काही ठिकाणी आयन (चार्ज असलेले अणू किंवा रेणू), कधी पृष्ठभागाचे अतिसूक्ष्म कण. २०११ साली तर असं दिसून आलं की टेकून वेगळ्या केलेल्या पृष्ठभागावर प्लस आणि मायनसचे बारीक बारीक ठिपके मिसळलेले असतात, आपल्याला कळते ती त्यांची बेरीज. पण काहीही सरकलं तरी एका बाजूला जेवढं वाढतं तेवढंच दुसऱ्या बाजूला कमी होतं, यात फरक नाही. विद्युतदर्शीवर (चार्ज आला की ज्याची धातूची पातळ पानं फाकतात त्या उपकरणावर) धातूचा डबा ठेवून त्याच्या आत दोन वस्तू एकमेकींवर घासल्या तर पानं ढिम्म हलत नाहीत, एक वस्तू बाहेर काढली की लगेच फाकतात. माझ्या मते हा प्रयोग धड्यात सगळ्यात आधी हवा.

स्पर्शाने चार्ज होणं सोपं आहे, चार्ज असलेला धातूचा गोळा दुसऱ्या तेवढ्याच गोळ्याला टेकवला की अर्धा-अर्धा वाटला जातो, चिन्ह तेच राहतं.

खरी मजा प्रवर्तनात, म्हणजे चार्ज असलेल्या वस्तूकडून चार्ज न घेता नुसत्या तिच्या जवळ असण्याने चार्ज होण्यात आहे, म्हणून ते आम्ही करूनच बघितलं. थर्माकोलचा सपाट तुकडा लोकरीने खसाखसा घासला, म्हणजे तो निगेटिव्ह झाला, ॲल्युमिनियमच्या झाकणाला मूठ म्हणून प्लास्टिकचा पेला चिकटवला आणि झाकण थर्माकोलवर ठेवलं. झाकणातले इलेक्ट्रॉन वरच्या बाजूला ढकलले गेले, भाचीने वरून बोट लावलं तर बारीक चटका बसला, कारण ते तिच्या बोटातून निघून गेले. बोट काढलं, मग पेला धरून झाकण उचललं, आणि आता झाकण पॉझिटिव्ह, थर्माकोलच्या बरोबर उलट! क्रम मात्र हाच, आधी बोट काढायचं आणि मग उचलायचं, उलट केलं तर इलेक्ट्रॉन बोटातूनच परत येतात आणि हाती काही लागत नाही. १७७५ साली व्होल्टाने हेच उपकरण सगळीकडे पोचवलं, त्याच्याआधी १७६२ मध्ये विल्के या शास्त्रज्ञाने बनवलं होतं. हवा कोरडी हवी बरं का, दमट हवेत पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर बसतो आणि चार्ज त्यातून निसटून जातो.

दिवा बंद करून उचललेल्या झाकणाला बोट लावलं की निळसर ठिणगी दिसते, दर मिलिमीटरला साधारण ३००० व्होल्ट असले की हवा तग धरत नाही. परत ठेवा, बोट लावा, बोट काढा, उचला, परत ठिणगी. थर्माकोल पुन्हा घासायची गरजच पडत नाही कारण त्याचा चार्ज जवळपास तसाच राहतो. दहाएक वेळा झाल्यावर भाची थबकली, "थर्माकोलचं काही कमी होत नाहीये, मग ठिणगी येते कशाच्या जोरावर?" मी तिला झाकण एकदा नुसतंच ठेवून उचलायला सांगितलं आणि एकदा बोट लावल्यानंतर हळूच उचलायला सांगितलं. आधीचं सहज उचललं जातं, नंतरचं थर्माकोल धरून ठेवतं, कारण प्लस-मायनसची ओढ तोडावी लागते, आणि ती तोडायला हात जे काम करतो तेच ठिणगीत बाहेर पडतं. तिने दोन-तीनदा उचलून बघितलं, थर्माकोलचा हलका तुकडा झाकणाबरोबर वर उचलला जात होता, तो तिने दुसऱ्या हाताने दाबून धरला आणि म्हणाली, "म्हणजे इलेक्ट्रॉन इकडून तिकडे गेले, आणि जोर माझा लागला."