तापमान राखणाऱ्या तंतूचे पेटंट: नवे यंत्र की जुन्या यंत्रात नवा माल?

तापमान राखणारे तंतू तयार करणाऱ्या यंत्रणेसाठी पेटंटचा अर्ज दाखल होतो, तेव्हा तंतू किती उपयोगी आहे हा परीक्षकाचा पहिला प्रश्न नसतो. अर्जदाराने जुन्यापेक्षा नेमके काय वेगळे केले आणि ते वेगळेपण दाव्यांमध्ये, म्हणजे अर्जातील हक्क मागणाऱ्या वाक्यांमध्ये, उतरले आहे की नाही, हे त्याला आधी पाहायचे असते. माटुंग्यात वस्त्ररसायन शिकून पुढे पेटंट एजंटच्या व्यवसायात आल्यामुळे असे अर्ज माझ्या टेबलावर अधूनमधून येतात, आणि त्यांतले बरेचसे एकाच जागी अडतात: नवेपणा असतो मालात आणि हक्क मागितलेला असतो यंत्रावर, किंवा याच्या अगदी उलट. अशिलांची कागदपत्रे गोपनीय असल्याने पुढे ज्याची चर्चा केली आहे तो अर्ज मी नमुन्यादाखल रचलेला आहे. त्यातील अडचणी मात्र खऱ्या आहेत.

या तंतूंमागचे तत्त्व जुने आहे. काही मेणासारखे पदार्थ वितळताना मोठ्या प्रमाणावर उष्णता शोषतात, गोठताना ती परत देतात आणि ही देवाणघेवाण चालू असेपर्यंत त्यांचे तापमान फारसे बदलत नाही. ऑक्टाडेकेन सुमारे २८ अंश सेल्सिअसला वितळते आणि दर ग्रॅममागे साधारण २४० ज्यूल उष्णता घेते. आयकोसेन ३७ अंशांच्या जवळ वितळते. त्वचेचे तापमान ३३ अंशांच्या आसपास असल्याने कपड्यांसाठी याच पट्ट्यातील पदार्थ निवडले जातात. अमेरिकेत १९८० च्या दशकात टायरोन व्हिगो यांनी पोकळ तंतूंमध्ये पॉलिएथिलीन ग्लायकॉल भरण्याचे प्रयोग केले. त्याच दशकात नासाच्या अर्थसाहाय्याने ट्रँगल रिसर्च अँड डेव्हलपमेंट या संस्थेत अशा पदार्थांच्या सूक्ष्म कुप्या तंतूतच गुंफण्याचे काम झाले आणि १९८८ मध्ये त्यावर अमेरिकी पेटंट मिळाले. पुढे आउटलास्ट कंपनीने याच विषयावर पेटंटांची मालिकाच उभी केली; त्यांत वितळ-कताईसाठीचे (वितळलेल्या पॉलिमरपासून तंतू काढण्यासाठीचे) सांद्र दाणे, म्हणजे असे पदार्थ दाट प्रमाणात मिसळलेले दाणेही आहेत आणि अनेक घटकांचे तंतूही. थोडक्यात, आज या क्षेत्रात येणाऱ्या अर्जदाराला मोकळे रान मिळत नाही.

येथे कताई म्हणजे गिरणगावातील रिंग फ्रेमवरची कताई नव्हे. पॉलिएस्टरचे दाणे एक्स्ट्रूडर या स्क्रूने घुसळत तापवणाऱ्या यंत्रात वितळवायचे, तो रस गिअर पंपाने मोजून पुढे ढकलायचा आणि स्पिनरेटच्या बारीक छिद्रांतून सोऱ्यातून शेव पाडावी तसा बाहेर काढून थंड हवेत गोठवायचा, असे हे काम आहे. पॉलिएस्टरचा रस २८० ते २९० अंशांवर ठेवावा लागतो, तर ऑक्टाडेकेन सुमारे ३१७ अंशांनाच उकळते. म्हणजे त्या रसात ते उकळीच्या उंबरठ्यावर असते आणि पाण्यासारखे पातळ झालेले असते. कुपीत बंद केले तर कुपीचे कवच त्या उष्णतेत आणि स्क्रूच्या घुसळणीत टिकावे लागते. शिवाय दीड डेनिअरच्या (डेनिअर हे तंतूच्या जाडीचे माप) पॉलिएस्टर तंतूचा व्यास जेमतेम १२ मायक्रॉन भरतो. त्यात काही मायक्रॉनच्या कुप्या एकमेकींना चिकटल्या, की स्पिन पॅकचा, म्हणजे स्पिनरेट बसवलेल्या जोडणीचा, फिल्टर तुंबतो, पॅकचे प्रेशर चढत जाते आणि तार तुटू लागते. शॉप फ्लोअरवर उभा असलेला ऑपरेटर प्रेशरचा काटा पाहूनच सांगतो की आता पॅक बदलावा लागणार. अॅक्रिलिक किंवा व्हिस्कोज द्रावणातून कातले जात असल्याने तेथे तापमान सौम्य असते, आणि म्हणूनच कुप्यांचा मार्ग तेथे आधी रुळला.

आता नमुन्याच्या अर्जाकडे येऊ. पहिला दावा असा आहे: एक एक्स्ट्रूडर आवरणाच्या पॉलिमरसाठी, दुसरा उष्णता साठवणाऱ्या पदार्थाच्या गाभ्यासाठी, दोहोंचे प्रवाह एकत्र आणणारा स्पिन पॅक, थंड हवेचा कक्ष आणि तार गुंडाळणारा वाइंडर असलेली, तापमान राखणारे तंतू कातण्याची यंत्रणा. कारखान्याच्या तांत्रिक प्रमुखांना हा दावा भक्कम वाटतो. "अहो, सगळी लाइन आम्ही स्वतः जुळवली आहे, मग ती नवीन नाही असं कसं म्हणता?" असे ते विचारतात, आणि त्यांचा रोख मला समजतो. परंतु परीक्षक पेटंट कायद्याच्या कलम १३ नुसार पूर्वज्ञानाचा, म्हणजे आधीच उघड झालेल्या माहितीचा, शोध घेतो, तेव्हा तो पेटंटांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील डी०१डी ५/३४ या वर्गात आवरण-गाभा तंतूंचे स्पिन पॅक पाहतो, डी०१एफ ८ मध्ये संयुक्त तंतू पाहतो, डी०१एफ १/१० मध्ये तंतूत मिसळायची द्रव्ये पाहतो आणि सी०९के ५/०६ मध्ये उष्णता साठवणारे पदार्थ पाहतो. पहिल्याच वर्गात त्याला दोन एक्स्ट्रूडर, एक पॅक, हवेचा कक्ष आणि वाइंडर अशी लाइन सापडते. तिच्यात त्या वेळी नायलॉन आणि पॉलिएस्टर चालवले जात असतील. पण दुसऱ्या एक्स्ट्रूडरच्या हॉपरमध्ये मेण मिसळलेले दाणे ओतले म्हणून ती लाइन नवी होत नाही. माझ्या मते हा आक्षेप रास्त आहे. यंत्रावर हक्क हवा असेल तर यंत्राच्या बांधणीत फरक दाखवला पाहिजे. त्यातून काय वाहते याचे वर्णन पुरेसे ठरत नाही.

भारतीय कायदा या ठिकाणी आणखी काही दारे लावून घेतो. पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम ३(डी) नुसार ज्ञात प्रक्रियेचा किंवा यंत्राचा नुसता वापर हा शोध नव्हे. ज्ञात प्रक्रियेतून नवे उत्पादन निघत असेल किंवा तिच्यात एखादा नवा अभिक्रियाकारक वापरला असेल, तर गोष्ट वेगळी. कलम ३(एफ) ज्ञात उपकरणांच्या अशा मांडणीला वगळते, जिच्यात प्रत्येक उपकरण आपापले ठरलेले काम स्वतंत्रपणे करत राहते. अर्जदाराने यंत्राऐवजी तंतूच्या घटकांवर दावा केला, तर कलम ३(ई) वाटेत येते: पॉलिएस्टरने बळकटी दिली, मेणाने उष्णता साठवली आणि दोहोंच्या गुणांची बेरीज झाली, एवढ्यावर मिश्रणाला पेटंट मिळत नाही. यांपैकी ३(एफ) चा आक्षेप कधीकधी परीक्षक सवयीने लावतात असे माझे निरीक्षण आहे, कारण एका घटकातील बदलामुळे दुसऱ्याचे वर्तन बदलत असेल तर ते कलम लागूच होत नाही. पण हे दाखवून देण्याची जबाबदारी आपल्यावर असते.

आपल्या नमुन्याच्या अर्जात दाखवण्याजोगे काहीतरी आहे, मात्र ते दाव्यात नसून विनिर्देशाच्या (शोधाच्या सविस्तर वर्णनाच्या) मधल्या एका परिच्छेदात दडलेले आहे. गाभ्याचा प्रवाह वेगळ्या, कमी तापमानाच्या नळीतून आणला आहे आणि प्रवाह छिद्रांकडे वाटून देणाऱ्या वितरण पट्टिकेत त्या नळीभोवती हवेची पोकळी ठेवली आहे, त्यामुळे मेण आणि तापलेले पॉलिएस्टर स्पिनरेटच्या अगदी वरच्या बाजूला, शेवटच्या काही सेकंदांसाठीच एकत्र येतात. हा खरा बांधणीतील फरक आहे. पट्टिकेतील पोकळीमुळे गाभ्याचे तापमान उतरते, तापमान उतरल्याने मेण टिकते आणि गाभा पुरेसा घट्ट राहिल्याने आवरणाच्या मध्यभागी स्थिर बसतो. म्हणजे घटक एकमेकांवर अवलंबून काम करत आहेत.

हे नुसते सांगून भागत नाही. कलम २(१)(जेए) नुसार शोधात तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व, अथवा दोन्ही, असावे लागते आणि त्या क्षेत्रातील जाणकाराला तो सहज सुचण्यासारखा नसावा लागतो. या विषयात पुरावा मिळतो तो डीएससीच्या, म्हणजे तापवताना पदार्थ किती उष्णता घेतो हे मोजणाऱ्या चाचणीच्या, आलेखातून. काही मिलिग्रॅम तंतू छोट्या अॅल्युमिनियमच्या पॅनमध्ये ठेवून हळूहळू तापवला, की मेण वितळते तेथे आलेखावर एक दरी उमटते. तिचे क्षेत्रफळ म्हणजे शोषलेली उष्णता. गाभ्यात घातलेल्या मेणाच्या प्रमाणावरून जेवढी उष्णता अपेक्षित होती आणि कातलेल्या तंतूत जेवढी मिळाली, त्यांतील तूट म्हणजे वाफेत व गळतीत गेलेले मेण. पोकळी असलेल्या आणि नसलेल्या पट्टिकेचे आलेख शेजारी ठेवले, तर दहा पानांच्या युक्तिवादाचे काम होते. थंड करतानाचा आलेखही जोडावा, कारण सूक्ष्म थेंबांतील मेण बऱ्याचदा वितळणबिंदूपेक्षा बरेच खाली जाऊन गोठते, आणि २८ अंशांना घेतलेली उष्णता १५ अंशांना परत मिळणार असेल तर अंगावरच्या कपड्यात तिचा उपयोग उरत नाही. ही आकडेवारी दाखल करतानाच विनिर्देशात असलेली बरी. नंतर आणलेल्या आकड्यांकडे संशयाने पाहिले जाते.

वर्णनातील अतिशयोक्तीबद्दलही लिहिले पाहिजे. "शरीर दिवसभर थंड ठेवणारे वस्त्र" असे वाक्य अशा अर्जांत हमखास सापडते. समजा, २०० ग्रॅमचा शर्ट दर ग्रॅममागे १० ज्यूल साठवतो. म्हणजे एकूण २००० ज्यूल. बसलेल्या माणसाचे शरीर सेकंदाला सुमारे १०० ज्यूल उष्णता निर्माण करते, म्हणजे हा साठा त्याच्या वीसेक सेकंदांच्या उष्णतेइतकाच. मे महिन्यात दादरच्या पुलावर तासभर उभे राहिलेल्या माणसाला या साठ्याचा काही आधार नाही, कारण मेण एकदा पूर्ण वितळले की ते पुन्हा गोठेपर्यंत निरुपयोगी असते, आणि मुंबईच्या दमट हवेत खरा प्रश्न घाम न वाळण्याचा असतो. उलट फलाटावरून एसी लोकलमध्ये चढताना आणि पुन्हा बाहेर येताना बसणारा तापमानाचा धक्का हा साठा सौम्य करू शकतो. विनिर्देशात एवढाच, सिद्ध करता येईल असा परिणाम लिहावा. कलम १०(४) नुसार शोधाचे पूर्ण वर्णन आणि अर्जदाराला ज्ञात असलेली सर्वोत्तम पद्धत द्यावी लागते, आणि न पेलणारे वाक्य तेथे अर्जदाराच्याच विरुद्ध वापरले जाते.

परीक्षकाचे आक्षेप सांगणारा प्रथम परीक्षण अहवाल मिळाल्यापासून उत्तरासाठी सहा महिने मिळतात आणि त्यापुढे मुदतवाढीची सोय आहे. या नमुन्यात मी पहिल्या दाव्यातच पोकळीची पट्टिका आणि गाभ्याच्या नळीची तापमान मर्यादा घालीन. कलम ५९ नुसार दुरुस्ती मूळ कागदपत्रात उघड केलेल्या मजकुरापुरती आणि आधीच्या दाव्याच्या व्याप्तीच्या आतच करता येते. येथे तो परिच्छेद पहिल्यापासून असल्याने अडचण येणार नाही. तंतूवरचा आणि कपड्यावरचा दावा एकाच शोधकल्पनेत बसत नसल्याचा आक्षेप आला, तर कलम १६ खाली विभागीय अर्ज, म्हणजे मूळ अर्जातून वेगळा काढलेला अर्ज, करता येईल, परंतु खर्च पाहता कपड्याचा दावा सोडून देण्याचाच सल्ला मी देईन. आक्षेप त्यानंतरही राहिले तर सुनावणी होते. ती आता बहुधा व्हिडिओवर होत असल्याने अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनापर्यंत जाण्याची वेळ क्वचित येते. सुनावणीनंतर लेखी म्हणणे मांडण्यासाठी १५ दिवस असतात, आणि अर्जावर निर्णय देणाऱ्या नियंत्रकाने तो फेटाळलाच, तर २०२१ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळ बंद झाल्यापासून अशा मुंबईतील अर्जाचे अपील मुंबई उच्च न्यायालयात करावे लागते.