ट्रो आणि एनच्या मधला व

'इलेक्ट्रोएन्सेफॅलोग्राफी' (मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख काढणं) हा शब्द मोठ्याने वाचायला गेले की माझी जीभ दर वेळी एकाच जागी ठेचकाळते. 'ट्रो' संपतो आणि 'एन्' सुरू होतो, तिथे. ओ आणि ए अगदी खेटून उभे, मध्ये एकही व्यंजन नाही. मग नकळत एक 'व' घुसतो आणि मी 'इलेक्ट्रोवेन्सेफॅलो' म्हणून मोकळी होते. वर्षानुवर्षं मला हे गावंढळ वाटायचं. पण संस्कृतातल्या स्वरसंधीत पो + अन = पवन हेसुद्धा असंच झालंय की! ओ-पुढे स्वर आला आणि व अवतरला. तेव्हा दोष जिभेचा नाही. तिला संधी येतो, इंग्रजीला येत नाही.

जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरी पहिल्यांदा टिपल्या आणि १९२९ मध्ये त्यावर निबंध छापला. त्या आलेखाला त्यांनी नाव दिलं 'एलेक्ट्रेन्केफालोग्राम'. त्यांनी तो ओ सरळ गिळूनच टाकला! इंग्रजीने परत आणून बसवला. वर मधल्या 'के'चा 'से' केला. मूळ ग्रीकमध्ये केफाले म्हणजे डोकं, एन् म्हणजे आत. डोक्याच्या आत असतो तो मेंदू. काही ब्रिटिश डॉक्टर अजून 'के'च म्हणतात, आणि मला ते आवडतं.

सिलॅबल पाडायचे तर नऊ: इ-लेक्-ट्रो-एन्-से-फॅ-लॉ-ग्र-फी. जोर 'लॉ'वर. 'ग्राम' म्हटलं की तोच जोर उडी मारून 'से'वर. आपण सगळ्यांना सारखंच वजन देतो, हा भाग वेगळा. गंमत त्या 'क्'ची आहे. कागदावर तो पुढच्या 'ट्रो'ला चिकटतो, तोंडात मात्र मागच्या 'ले'पाशी थांबतो. वृत्तं शिकताना 'विद्या'तला ऱ्हस्व 'वि' गुरू का मोजायचा, हे मी नुसतं पाठ केलं होतं. 'विद्-या' असं तोडायचं असतं, हे या परक्या शब्दाने शिकवलं.

एरवी सगळे या शब्दाचं लघुरूप 'ईईजी'च म्हणतात. तिथेही दोन स्वर शेजारीच, तेही सवर्ण, म्हणजे सारखेच. संधीच्या नियमाने 'ईजी' व्हायला हवं. पण तिथे जीभ मुळीच अडत नाही.