एमजीबीचा कॅम्बर सेट होत नसतो हो!

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या पुढच्या चाकांचा फक्त टो, म्हणजे चाकांची पुढची टोकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते, सेट करता येतो. कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल), कॅस्टर (चाक वळण्याच्या अक्षाचा मागे कल) आणि किंगपिनचा, म्हणजे चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं तिचा, आतला कल कारखान्यातच ठरलेले. शिम नाही, स्लॉट नाही, फिरवायला बोल्ट नाही. एवढं एका अलाइनमेंटवाल्याला पटवता पटवता माझा घसा बसला.

१९६२ ते १९८० मध्ये निघालेल्या या गाडीचा डेटा त्याच्या कॉम्प्युटरमध्ये नव्हता, म्हणून त्याने कुठल्या तरी हॅचबॅकचा निवडला. मग काय, स्क्रीनवर सगळं लाल. लगेच हायड्रॉलिक जॅक पुढे सरकवत, ‘साहेब, बेंडिंग मारतो, दोन मिनिटांचं काम.’ इथे गाडीला हातही लावू द्यायचा नाही. स्ट्रटच्या, म्हणजे वरचा आर्म नसलेल्या, गाड्यांवर हा उद्योग सर्रास चालतो, माझ्या मते तिथेही चालू नये. एमजीबीत तर वरचा आर्म म्हणजे लिव्हर शॉकअ‍ॅब्सॉर्बरचाच हात. तो वाकवायला गेलात तर शॉकअ‍ॅब्सॉर्बर जातो, आणि मूळ वाक कुठे आहे याचा पुरावाही पुसला जातो.

अशा ठिकाणी सेटिंग मागूच नका, आकडे मागा. कॅम्बर अधिक १ अंश, कॅस्टर ७, किंगपिनचा कल ८, टो-इन १.५ ते २.३ मिमी. कॅम्बर सव्वा अंशाने कमी निघाला तरी चालतो, वर मात्र पाव अंशच. कॅस्टर आणि किंगपिनच्या कलासाठी ब्रेक दाबून ठेवून चाकं टर्नप्लेटवर (फिरत्या तबकडीवर) २० अंश आत, २० अंश बाहेर फिरवावी लागतात. घाईत हे टाळलं जातं, म्हणून समोर उभं राहून करून घ्या. माझ्या प्रिंटआउटवर कॅस्टरचा रकाना कोराच होता आणि बिल मात्र पूर्ण अलाइनमेंटचं!

आकडे हातात आले की कॅम्बर आणि किंगपिनचा कल यांची बेरीज करा. ती ९ च्या आसपास हवी. कॅम्बर दोन्हीकडे वेगळा पण बेरीज सारखी, तर चाक ज्यावर बसतं तो स्टब अ‍ॅक्सल सरळ आहे. दोष विशबोन (खालचा आर्म), क्रॉसमेंबर (सस्पेन्शन धरणारी आडवी तुळई) किंवा चॅसिस लेगमध्ये (बॉडीखालच्या लांब दांड्यांत) शोधा. बेरीजच वेगळी, तर स्टब अ‍ॅक्सल वाकलाय. आपल्या खड्ड्यांत ते काही अवघड नाही. माझ्या गाडीत बेरीज जुळत होती, पण उजवा कॅस्टर दीड अंश कमी.

हे सगळं करण्याआधी किंगपिन, खालच्या विशबोनचे बुश आणि क्रॉसमेंबरचे रबर पॅड तपासायला हवेत. चाक उचलून वर-खाली धरून हलवा आणि दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. तरीही खेळ राहिला तर किंगपिन, थांबला तर बेअरिंग. पॅड चेपले असतील तर क्रॉसमेंबरचे चार लांब बोल्टही सैल सापडतात.

चॅसिस लेग घरी मोजता येतात. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात मिळणारा साधा ओळंबा पुरतो. पार्किंगची फरशी पाणी वाहून जावं म्हणून उतरती असते, तेव्हा आधी गवंड्याच्या पाण्याच्या नळीने लेव्हल बघून चाकांखाली पट्ट्या द्या. मग क्रॉसमेंबरचे बोल्ट आणि मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) पुढचे बोल्ट यांवरून ओळंबा सोडून खडूने फुल्या मारा आणि कर्ण मोजा. ५ मिमीच्या वर फरक गेला तर काम जिगवर, म्हणजे चॅसिस सरळ करायच्या सांगाड्यावर. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) दोन्हीकडे २३११ मिमी भरायला हवा. तो कमी-जास्त असेल तर मागचा अ‍ॅक्सल पाट्यांवर सरकलेला नाही ना, ते आधी पाहा.

माझे कर्ण जुळले, म्हणून क्रॉसमेंबर खाली काढला. स्टिअरिंग रॅक त्यावरच बसलेला असतो, तेव्हा कॉलमचा जॉइंट आणि ब्रेकचे होज सोडवावे लागतात. एवढ्यासाठी स्प्रिंगला हात लावायची गरज नाही, पण शॉकअ‍ॅब्सॉर्बर उतरवण्याआधी स्प्रिंगचा दाब जपून सोडवावाच लागतो, कारण वरचा आर्म म्हणून तोच तिला दाबून धरतो. शॉकअ‍ॅब्सॉर्बर उतरवून दोन्ही बैठकांवर पुढे-मागे एकेक सरळ पट्टी ठेवली आणि बाजूने डोळा लावला. डावीच्या मानाने उजवी पट्टी पुढच्या टोकाला खाली गेलेली स्पष्ट दिसत होती. असा पिळलेला क्रॉसमेंबर गरम करून सरळ करू नका, दुसरा बसवा. नंतर कॉलमचा जॉइंट पुन्हा जुळवून घ्या, नाहीतर स्टिअरिंग अर्ध्या फेरीत जड आणि अर्ध्या फेरीत हलकं लागतं. टो सगळ्यात शेवटी, गाडी थोडी पुढे ढकलून.