चौथ्या भाषेला तास हवा

माझी मुलगी पाचवीत आहे. तिच्या वेळापत्रकात इंग्रजी, हिंदी आणि गुजराती आहे, मराठी नाही. आणि आम्ही राहतो बडोद्यात, दांडिया बाजारात, जिथे गणपतीच्या वर्गणीपासून भाजीच्या भावापर्यंत सगळं मराठीत चालतं.

गुजरात सरकारने २०२३ मध्ये कायदा करून पहिली ते आठवीपर्यंत सगळ्या शाळांत गुजराती सक्तीची केली, तेव्हा आमच्या नातेवाइकांत बरीच कुरबूर झाली. मला तो कायदा योग्य वाटला, आजही वाटतो. पिढ्यान्पिढ्या इथलं पाणी पिऊन गुजराती वाचता येऊ नये, हे मला पटत नाही. महाराष्ट्रानेही २०२० मध्ये मराठी सक्तीची केलीच की.

अडचण त्रिभाषा सूत्रात आहे. कोठारी आयोगानंतर १९६८ च्या शिक्षण धोरणात ते आलं. बिगरहिंदी राज्यांसाठी प्रादेशिक भाषा, हिंदी आणि इंग्रजी. म्हणजे घरची आणि राज्याची भाषा एकच असलेलं मूल गृहीत धरलेलं. बडोद्यातलं मराठी, सुरतेतलं उडिया, मुंबईतलं गुजराती मूल त्यात बसत नाही. त्याला चार भाषा लागतात, जागा तीनच. मग गळते ती घरची.

घटनेला मात्र हे मूल दिसलं होतं. १९५६ मध्ये भाषावार राज्यं आखली जात होती, त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०क आलं: भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, यासाठी राज्याने आणि स्थानिक संस्थांनी प्रयत्न करावेत. सीमा कशाही आखल्या तरी काही माणसं पलीकडे राहणारच, हे तेव्हाच्या लोकांना नीट कळलं होतं.

घरच्या भाषांना शाळेत जागा दिली तर एकी तुटेल, असं कोणी म्हणेल. पण सयाजीरावांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. राजा मराठी, प्रजा बहुतेक गुजराती. मुलांना गुजराती शाळा होत्या, मराठीही होत्या. त्याने राज्य दुभंगलं नाही. दुभंगला तो पाकिस्तान. उर्दू एकटीच देश एकसंध ठेवील, या हट्टापायी २१ फेब्रुवारी १९५२ ला ढाक्यात विद्यार्थ्यांवर गोळ्या चालल्या, आणि १९७१ मध्ये वेगळा देश झाला. कारणं आणखीही होती, पण ठिणगी भाषेची.

मी मराठी माध्यमात शिकले. रोज सकाळी प्रतिज्ञा मराठीत म्हणायचे, शेजारची मैत्रीण तिच्या शाळेत गुजरातीत. मुळात ही प्रतिज्ञा १९६२ मध्ये पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी तेलुगूत लिहिलेली. आम्हा दोघींत कोणाचं भारतीयपण उणं पडलं? मला तर देश आपला वाटायला लागला तो त्या मराठी प्रार्थनेच्या रांगेतच.

म्हणून मुलीच्या शाळेत मी लेखी मागणी दिली आहे. गुजरातीला हात लावायचा नाही. आठवड्यातून दोन तास मराठी, शाळेच्याच वेळेत, आणि गुण प्रगतिपुस्तकात. गुण नसलेल्या विषयाला मुलं दप्तरात जागा देत नाहीत. मुख्याध्यापकांनी ऐकून घेतलं आणि इच्छुक पालकांची यादी मागितली. दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी भागातल्या पालकांनी आपापल्या शाळेत अशीच यादी करावी. वर्गात सिंधी, तमिळ घरची मुलं असतील तर त्यांच्या आईवडिलांनाही सोबत घ्या. मागणी त्यांचीही हीच आहे.