त्यानं ते पाकीट फोडायला पाहिजे होतं

आमच्या घरी 'मून लव्हर्स' ही कोरियन सिरीयल संपून चार दिवस झालेत तरी आईचा वांग सो वरचा राग काही गेलेला नाहीये. सकाळी चहा टाकता टाकता मधीच म्हणती, "पाकीट फोडून बघायला काय झालतं गं त्याला?" मी ही सिरीयल कॉलेजला असताना हॉस्टेलवर एकटीनं बघितली होती, तेव्हा नुसती रडले. यावेळी उन्हाळ्यात नांदेडला घरी होते, कंधारहून मावशी कुरडया करायला आलेली, आणि दोघींनाही इंग्रजी सबटायटल वाचता येत नाहीत म्हणून मी वाचून आपल्या बोलीत सांगायचे. रोज रात्री जेवणं झाली की कूलरसमोर बसून दोन एपिसोड, असे 20.

(पुढं शेवटासकट सगळं लिहिलंय, बघायची असेल तर इथंच थांबा.)

गोष्ट अशी की आजच्या काळातली गो हा-जिन सूर्यग्रहणाच्या दिवशी बुडणाऱ्या पोराला वाचवते, स्वतः बुडते, आणि डोळे उघडते ते हजार वर्षं मागं, कोरियातल्या गोर्यो राज्यात, हे सू नावाच्या मुलीच्या अंगात. तिथं राजा थेजोची पोरं, ज्यानं 918 साली हे राज्य उभं केलं तो. त्यातला चौथा वांग सो, चेहऱ्यावर व्रण, तोही सख्ख्या आईनं दिलेला, म्हणून मुखवटा घालून फिरणारा. हाच पुढं ग्वांगजोंग राजा होतो, 949 ते 975. मी सालं सांगितल्यावर मावशी लगेच म्हणली, "मंग आपला किल्ला कवाचा?" कंधारचा किल्ला राष्ट्रकूटांच्या तिसऱ्या कृष्णाच्या काळातला मानतात आणि त्याचं राज्य 939 ते 967, म्हणजे दोघं एकाच वेळचे राजे! त्यानंतर मावशीला ती माणसं लांबची वाटलीच नाहीत.

मावशी सुरुवातीला आठव्या राजपुत्राच्या, वांग वूकच्या बाजूनं होती. गुणाचं पोरगं, शांत, पुस्तकं वाचणारं. मग तो पावसाचा सीन आला. हे सू ला आईसारखं सांभाळणाऱ्या ओह बाई तिच्यावरचा आळ स्वतःवर घेतात आणि त्यांना फाशी होणार असते, म्हणून ती राजाच्या दारापुढं गुडघ्यावर बसून राहती, वरनं धो धो पाऊस. वूक येतो, बघतो, आणि फिरतो. मावशी वाती वळत होती, तिचा हात तिथंच थांबला, "माघारी गेला?" मी हो म्हणलं. मग सो येतो आणि काही न बोलता आपला झगा तिच्या डोक्यावर धरून नुसता उभा राहतो. एक शब्द नाही, त्यामुळं मलाही वाचून सांगायला काही नव्हतं, तिघीही गप्प बसून बघत होतो. त्या रात्रीपासून मावशीनं वूकचं नाव घेतलं नाही.

शेवटी ती आजच्या काळात परत येते आणि तो तिकडंच राहतो, या शेवटावर लोक 2016 ला सिरीयल आली तेव्हापासून चिडलेत. परभणीची मामेबहीण अजून म्हणती, सीझन 2 काढा, त्याला आजच्या काळात आणा, दोघांची भेट करून द्या. मला नाही पटत. हे सू ला इतिहास माहीत होता हेच तर तिचं खरं दुखणं होतं, हा माणूस पुढं भावांचं रक्त सांडणार हे आधीच ठाऊक असल्यामुळं ती त्याच्याकडं बघायची ते भीत भीत, आणि ती भीती आपल्याला दिसते पण त्याला कधीच पूर्ण कळत नाही. हे सगळं एका भेटीत भरून येत नसतं. माझी तक्रार वेगळीच आहे. याच ग्वांगजोंगनं 956 साली जबरदस्तीनं गुलाम केलेल्या लोकांना सोडवायचा कायदा केला आणि 958 ला परीक्षा घेऊन अधिकारी नेमायला सुरुवात केली, आणि महालात दासी म्हणून राबलेल्या मुलीच्या गोष्टीत याला शेवटी नीट एक एपिसोड तरी द्यायला पाहिजे होता की नाही? सगळं घाईघाईत उरकलं.

आणि ते पाकीट. हे सू आजारी पडती, सो ला शेवटचं एकदा ये म्हणून पत्र लिहिती. चौदावा राजपुत्र जंग, जो आता तिचा नवरा आहे, तो, तिचं अक्षर हुबेहूब सो सारखं म्हणून कुणाचा गैरसमज होऊ नये, यासाठी ते दुसऱ्या पाकिटात घालून वर आपल्या अक्षरात लिहितो. सो अक्षर बघतो, जंगचं समजतो, बाजूला ठेवतो. एक नाही, येतील ती सगळी. ती गेल्यावर उघडतो.

मी हे वाचून सांगत असताना आई एकदम उठली आणि कूलर बंद केला, तिला नीट ऐकायचं होतं. मग म्हणली, "आणखी एकदा लाव." परत लावलं. माझ्या आज्जीला लिहिता येत नव्हतं, आईचं लग्न होऊन ती नांदेडला आली तेव्हा कंधारहून आज्जीची पत्रं यायची ती शेजारच्या गुरुजींकडून लिहून घेतलेली, हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. "माझ्या मायचं एकूणएक पत्र गुरुजीच्या अक्षरात यायचं," आई म्हणली, "मी दारातच उभ्या उभ्या फोडायचे."