एकाच शनिवारी दोन मैदानांवर

ग्लासगोच्या मिचेल लायब्ररीत त्या दिवशी माझ्यासमोर जुन्या वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्मचं रीळ होतं आणि शेजारी एका नातवाने पाठवलेला कागद. त्यावर आजोबांची फुटबॉलमधली कारकीर्द अशी: आर्माडेल, मग इंग्लंडमध्ये बॅरो, मग पुन्हा आर्माडेल. छापील याद्यांतही या नावापुढे हेच क्लब एका ओळीत होते. जुन्या खेळाडूंची कारकीर्द तपासून देणं हे माझं काम, म्हणून यादीवर न थांबता मी एकेक सामना उघडायला घेतला.

आर्माडेल हे वेस्ट लोदियनमधलं खाणगाव. त्याचा क्लब 1921 मध्ये स्कॉटिश लीगच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये आला आणि 1932 मध्ये बाहेर पडला. अशा क्लबांतली पोरं आठवडाभर खाणीत किंवा कारखान्यात राबायची आणि शनिवारी मैदानात उतरायची.

तेव्हा जर्सीवर नंबर नसत; इंग्लिश लीगने ते 1939 मध्ये सक्तीचे केले. त्यामुळे कोण कुठे खेळला हे वर्तमानपत्रातल्या नावांच्या क्रमावरून ठरवायचं: आधी गोलरक्षक, मग बचावातले दोन बॅक, मधल्या फळीतले तीन हाफ, आक्रमणातले पाच फॉरवर्ड, प्रत्येक रांग उजवीकडून डावीकडे. तिसरं नाव म्हणजे लेफ्ट बॅक, सातवं म्हणजे आउटसाइड राइट, उजव्या कडेचा फॉरवर्ड. बदली खेळाडू नव्हतेच. पाय मुरगळलेला बॅक विंगवर जाऊन लंगडत उभा राही, म्हणून क्रमाबरोबर वृत्तांतही पूर्ण वाचावा लागतो. आणि शनिवारी संध्याकाळच्या क्रीडा अंकावर भिस्त ठेवायची नाही. त्यातली नावं बऱ्याचदा सामन्याआधी जाहीर झालेली असतात. ऐन वेळी कोणी आला नाही तर ते सोमवारच्या अंकात कळतं.

मी 1925-26 चा हंगाम लावला. नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी आर्माडेलच्या संघात ते नाव तिसरं. बॅरोच्या स्थानिक वर्तमानपत्राचं पान आधीच मागवून ठेवलं होतं. तोच शनिवार, तेच नाव, सातवं. दोन्हीकडचे सोमवारचे अंक काढले. दोन्ही वृत्तांतांत तो माणूस खेळताना दिसत होता, एक चेंडू अडवताना, दुसरा क्रॉस टाकताना. याद्या करणाऱ्यांनी दोन माणसं एका ओळीत गुंडाळली होती.

आता यातले आजोबा कोण? इथे स्कॉटलंडचे दाखले कामाला येतात. इंग्लंडच्या त्या काळच्या लग्नाच्या दाखल्यावर फक्त वडिलांचं नाव असतं. स्कॉटिश दाखल्यावर आईचं, तेही माहेरच्या आडनावासकट. जन्मदाखल्यावर तर आईवडिलांच्या लग्नाची तारीख आणि गावही. नातवाकडे आजोबांचा लग्नाचा दाखला होता: व्यवसाय कोळसा खाणकामगार, पत्ता आर्माडेल. त्याच नावाचा दुसरा दाखला स्कॉटलंडस्‌पीपल या सरकारी संकेतस्थळावर सापडला: व्यवसाय व्यावसायिक फुटबॉलपटू, राहणार बॅरो. दोघांच्या आयांची माहेरची आडनावं वेगळी. मग दोघांच्या वडिलांचे लग्नाचे दाखले काढले, आणि त्यांवर आईवडील तेच. म्हणजे वडील सख्खे भाऊ, खेळाडू चुलतभाऊ. थोरल्या मुलाला आजोबांचं नाव द्यायची रीत आपल्यासारखी स्कॉटलंडमध्येही होती. दोन भावांनी आपापल्या थोरल्याला एकच नाव दिलं होतं.

आजोबा इंग्लंडमध्ये खेळले ही घरातली गोष्ट कुठून आली असावी, तेही मग उलगडलं. इंग्लंडमध्ये 1922 पासून पगाराची कमाल मर्यादा हंगामात आठवड्याला 8 पौंड आणि उन्हाळ्यात 6 होती. बॅरोसारख्या तिसऱ्या डिव्हिजनच्या क्लबात एवढे सगळ्यांना मिळत नसतील, पण 1926 च्या मे महिन्यात खाणी बंद पडल्या तेव्हा आर्माडेलच्या घरात चुलतभावाच्या पगाराची चर्चा झालीच असणार. हा माझा अंदाज, आणि नातवाला पत्रात तो अंदाज म्हणूनच लिहिला.

बॅरोचे सामने वजा केले. नातवाला वाईट वाटेल याची मला काळजी होती, म्हणून उरलेला प्रत्येक सामना तारखेसह लिहून दिला. त्या हंगामातल्या मोठ्या पराभवांपुढे एक टीपही जोडली: 1925 च्या उन्हाळ्यात ऑफसाइडचा नियम बदलला. आक्रमकापुढे प्रतिस्पर्ध्याचे तीन खेळाडू असावे लागत, ते दोन झाले. इंग्लिश लीगमधले गोल एका हंगामात 4,700 वरून 6,373 वर गेले. जुन्या नियमावर घडलेल्या प्रत्येक बॅकची तेव्हा तारांबळ उडाली. तो एकट्या आजोबांचा दोष नव्हता.

दोन ओळी मात्र मोकळ्या ठेवल्या. आर्माडेलच्या यादीत आजोबांचं नाव पहिल्यांदा येतं, त्याच्या आधीच्या दोन सामन्यांत लेफ्ट बॅक ‘न्यूमन’ आहे. ट्रायलला आलेल्या मुलाचं खरं नाव दुसऱ्या क्लबला कळू नये म्हणून ‘न्यूमन’, ‘ज्युनिअर’, ‘ए. एन. अदर’ असं छापून आणायची तिथे पद्धत होती. जागा तीच, महिना तोच. तरी त्या दोन ओळींत मी ‘न्यूमन, लेफ्ट बॅक’ एवढंच लिहिलं.