डायलवर 80, बीममध्ये 33
आज बेळगावात आमच्या एक्स-रे मशीनचं क्यूए (गुणवत्ता तपासणी) झालं, खानापूर-निपाणीचे टेक्निशियन पण आलेले. डायलवर 80 केव्हीपी (ट्यूबचा कमाल व्होल्टेज) दिसलं म्हणून सगळे फोटॉन, म्हणजे किरणांचे कण, 80 केईव्ही एनर्जीचे नसतात बरं का, लहान-मोठे सगळे मिसळलेले असतात, म्हणून बीमची खरी ताकद मोजायला ट्यूब आणि डिटेक्टरच्या मधे ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे वाढवत गेलो, रीडिंग उतरत उतरत 2.9 मिमीला निम्मं झालं, हीच हाफ व्हॅल्यू लेयर! 0.693 ला या जाडीनं भागून ॲल्युमिनियम किरण किती अडवतं तो आकडा काढला, तो टेबलात बघितला तर इफेक्टिव्ह एनर्जी, म्हणजे या मिसळलेल्या बीमइतकीच अडणाऱ्या एकाच एनर्जीच्या बीमची एनर्जी, जेमतेम 33 केईव्ही. आणि नेमकं इथंच आपल्या टीएलडी बॅजमधली (अंगावर पडलेला किरणांचा डोस मोजणारा बॅज) डिस्क जास्त एनर्जीच्या गॅमा किरणांच्या मानानं दहापटीच्या आसपास जास्त रिस्पॉन्स देते, एनर्जी न बघता डोस काढला तर आकडा भलताच येणार. बॅजमधले फिल्टर ती एनर्जी ओळखण्यासाठीच असतात, तेव्हा पोरांनो, बॅज खिशात कोंबू नका, शिशाच्या ॲप्रनच्या आत छातीवर सरळ लावा.